सुप्याचा बाजार आणि म्हातारपणाचा कागद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात मोडतं. ख्वाजा शाहमन्सूर यांच्या दर्ग्यामुळं आसपासच्या लोकांना ते ठाऊक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र सुप्याचं नाव आलं ते १२ मे १८७५ या तारखेमुळं. गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. त्या दिवशी बाजार भरलेला होता. बाजाराला आलेले शेतकरी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोचलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो.

या दंग्यांची सरकारनं आयोग नेमून चौकशी केली. तिच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं आली. लोक सावकाराच्या जिवावर उठले नव्हते, त्याच्या कागदांवर उठले होते. कर्जरोखे मागायचे, हातात आले की चव्हाट्यावर जाळायचे आणि घरी जायचं. कागद मुकाट्यानं मिळाले तिथं मारहाण फारशी झाली नाही. आपण कशावर अंगठा उठवला होता हे ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना त्या अंगठ्यानं आपलं काय गेलं हे मात्र नेमकं कळलं होतं.

मला बोलायला दिलेला विषय आहे वृद्धांची हेळसांड आणि ती रोखायची कशी हा. मग दीडशे वर्षांपूर्वीचा बाजार कशाला उकरून काढायचा, असं कुणी विचारील. तर आपल्या या बारामती-इंदापूरच्या मुलखात म्हाताऱ्या माणसाच्या हालांची सुरुवात पुष्कळदा एका कागदापासून होते, आणि ते हाल रोखायची खरी जागाही तिथंच, अंगठा उठण्याच्या आधी आहे, असं माझं मत झालं आहे. कागदाची ही कथा समजून घ्यायला सुप्याहून चांगलं गाव मला दिसत नाही. अर्थात थोडं मागं, इंदापूरला जावं लागेल.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी जमिनीच्या साऱ्याची नवी घडी बसवायला घेतली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८३० च्या सुमारास केलेली आकारणी इतकी जड झाली, की इंदापूरकडच्या लोकांनी जमिनी पडीक टाकल्या आणि कित्येक जण निजामाच्या हद्दीत निघून गेले. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर लेफ्टनंट यांनी इंदापुरातच नव्यानं मोजणी सुरू केली. १८३६ साली तीस वर्षांच्या मुदतीनं नवा सारा लागू झाला. पुढं सबंध मुंबई इलाख्यात जी मोजणीपद्धत रूढ झाली तिचा पहिला धडा इंदापूर तालुक्यात गिरवला गेला. शेताला नंबर, हद्दीला दगड आणि नंबरापुढं एका खातेदाराचं नाव, अशी ती पद्धत.

त्याआधी मिरासी जमीन ही थळाची, भाऊबंदांची मानली जायची. ती विकता येत नव्हती असं नाही, पण भाऊबंद आणि गाव यांना डावलून विकणं अवघड होतं. आता एका माणसानं राजीनामा द्यायचा, दुसऱ्यानं कबुलायत लिहायची, की नंबरापुढचं नाव बदललं. एवढं सोपं झालं. जुना काळ म्हाताऱ्यांना सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. मुलगा नसलेल्या विधवेला भाऊबंदांच्या वाड्यात कसे दिवस काढावे लागत हे जुन्या माणसांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. पण जमीन म्हणजे नाव आणि नाव म्हणजे कागद ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली ती या मोजणीपासून. ‘नावावर करून द्या’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य तिथूनच आलेलं आहे.

नावावर जमीन आली, तशी ती तारण ठेवता येऊ लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ नंतर भाव कोसळला. तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला तोही याच सुमारास. पुढचं सुप्याच्या बाजारात घडलं.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ साली, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला आजच्या विषयासाठी फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की न्यायाधीशानं नुसता कागद पाहून निकाल द्यायचा नाही. कागदाच्या मागं जायचं, मूळ व्यवहार काय होता, किती रुपये खरोखर हातात पडले, हे शोधायचं. दुसरी अशी, की शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचा, आणि त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवून, समजला याची खात्री करून मगच सही-अंगठा घ्यायचा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं होतं. अंगठा खरा असला तरी व्यवहार खोटा असू शकतो, हे इथं कायद्यानं मान्य केलं. पळवाटाही लगेच निघाल्या. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले.

याच सुमाराला मुलखाचं रूप पालटायला लागलं होतं. १८७६ च्या दुष्काळात कामाला काढलेला नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी बारामतीत आलं, इंदापुरात गेलं. पुढं ऊस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरचे सहकारी कारखाने निघाले. ज्या जिरायतीकडं कुणी फिरकत नव्हतं ती बागायत झाली, आणि अलीकडं रस्त्याकडेची असेल तर बिगरशेतीही. सावकाराचा दरारा ओसरला, पण सातबाऱ्यावरच्या नावाची किंमत वाढतच गेली. ते नाव बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं असतं. ज्या कागदाची भीती एके काळी गावच्या पेठेत होती, तो आता घराच्या सोप्यात येऊन बसला.

हे कसं घडतं ते आपण सगळे जाणतो, फक्त बोलत नाही. वडील सत्तरीला टेकले की वाटणीचा विषय निघतो. मुलांची कर्जं असतात, पाइपलाइन करायची असते, सोसायटीचं कर्ज आपल्या नावावर उतारा असल्याशिवाय मिळत नाही. कारणं खोटी नसतात. बापही म्हणतो, वर घेऊन जायचंय का, आणि बक्षीसपत्र करून देतो. महाराष्ट्रात मुलामुलींना, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०१५ पासून २०० रुपयांवर आलं. वरचे उपकर काय ते निराळे. लोकांच्या सोयीची ही गोष्ट आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण आयुष्यभराची कमाई देऊन टाकायला इतका कमी खर्च आणि इतका कमी वेळ लागावा, याचा विचार करायला मिळालेली सवडही तेवढीच लहान झाली. बहिणींचं हक्कसोडपत्रही याच ओघात होतं. आईला भाऊ सांभाळणार आहे ना, मग कशाला हवाय हिस्सा, असं म्हणून त्या सही करून जातात. आईला सांभाळण्याचं बोलणं तोंडीच राहतं. कागदावर येतो तो फक्त हक्क सोडल्याचा मजकूर.

मग पाळी सुरू होते. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवसाचं जेवण कुणाचं, हा गावात चेष्टेचा विषय आहे. ज्याची चेष्टा होते त्याला मात्र त्या दिवशी खरंच उशिरा जेवायला मिळतं.

मारहाण झाली की छळ झाला हे कुणालाही पटतं. पण बहुतेक हेळसांडीला आवाज नसतो. चष्म्याची काडी मोडली ती महिनोन् महिने मोडलेलीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन ऊस तुटून गेल्यावर, मग लग्नसराईनंतर, मग पाऊस उघडल्यावर. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या त्या संपल्या. कवळी सैल झाली म्हणून भाकरी चावत नाही आणि वेगळं शिजवायला कुणाला सवड नाही. सगळ्यात वाईट प्रकार पाण्याचा. रात्री उठवून मोरीत न्यावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून म्हातारीला पाणीच द्यायचं नाही, किंवा तिनंच भीतीनं प्यायचं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागतं. मग तिचं डोकं फिरलंय, तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका, असं आल्यागेल्याला सांगितलं जातं. म्हणजे तक्रार करायची तिची एकुलती एक वाटही बंद.

इथं सुनेला दोष द्यायची आपल्याकडं पद्धत आहे. मला ती मान्य नाही. जमीन मुलाच्या नावावर होते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हगणं-मुतणं काढते ती सून, जिचं नाव त्या उताऱ्यावर कुठंही नसतं. दिवसा खुरपायला जाऊन रात्री दोनदा उठणाऱ्या बाईचा तोल जातो तेव्हा तिला उपदेशापेक्षा एक मदतनीस हवा असतो. जमिनीचं उत्पन्न ज्याच्या खात्यावर जमा होतं त्यानं तो ठेवायला हवा.

आता कायद्याकडं येतो. म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ ही आपल्याकडं फार काळ धर्माची बाब मानली गेली. आईबापांपुढं त्राग्याचा उद्गारही काढू नये असं कुराणात बजावलेलं आहे. श्रावणबाळाची गोष्ट ठाऊक नसलेलं मराठी पोर सापडणार नाही. पण १८९८ च्या फौजदारी संहितेत बायकोला आणि मुलांना पोटगी होती, आईबापांना नव्हती. हिंदूंसाठी १९५६ साली दिवाणी कायद्यात ती तरतूद झाली. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत कलम १२५ मध्ये सगळ्याच धर्मांच्या आईबापांना जागा मिळाली. १९८५ च्या शाहबानो निकालामुळं हे कलम सगळ्यांना तलाकच्या संदर्भात पाठ झालं. सभांमधून त्यावर इतकं बोललं गेलं, तरी त्याच कलमात म्हातारे आईबापही बसलेले आहेत हे हिंदू वक्त्यांनी सांगितलं नाही आणि मुसलमान वक्त्यांनीही नाही. १९८७ साली आपल्याच राज्यातल्या, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी येते. रकमेची मर्यादा मात्र महिना ५०० रुपयांची होती आणि ती २००१ पर्यंत टिकली. आता हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकानं आलेलं आहे.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा वेगळा कायदा झाला. महाराष्ट्राचे नियम २०१० साली आले. या कायद्यानं हे काम कोर्टातून काढून महसूल खात्याकडं, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं दिलं. वकील लागत नाही. नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत निकाल द्यायचा. महिना १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ देववता येतो. मूल नसेल तर ज्याला वारसानं मालमत्ता मिळणार आहे किंवा जो ती वापरतो आहे तो नातेवाईक जबाबदार. सांभाळ करायची जबाबदारी असून म्हाताऱ्याला कुठंतरी सोडून दिलं तर तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

यातलं २३ वं कलम मला सुप्याच्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या कायद्याचं पणतवंड वाटतं. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्रानं किंवा दुसऱ्या रीतीनं मालमत्ता दिली, आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर ती फसवणुकीनं किंवा दबावानं घेतली असं धरून न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. म्हणजे पुन्हा एकदा कागदाच्या मागं जायचं. पण ही अट होती हे दाखवायचं कसं? २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अशी अट असल्याशिवाय हे कलम लागू होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावला, बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा आईला परत द्यायला सांगितलं. तिच्या हातात सांभाळाचं वचन लेखी होतं, हे विसरून चालणार नाही. शिवाय हे कलम कायदा लागू झाल्यानंतरच्या व्यवहारांनाच लागू आहे. आधी देऊन बसलेल्यांना चरितार्थ मागता येतो, जमीन नाही.

आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत काय लिहिलेलं असतं? ‘प्रेमापोटी, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं.’ हे शब्द दस्तलेखकाच्या संगणकात आधीच टाईप केलेले असतात. त्यात एक वाक्य वाढवायला काहीच पैसे पडत नाहीत: देणारे हयात असेतोवर घेणाऱ्यानं त्यांचं अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी करायचं, आणि न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. आईच्या पोटगीच्या हक्काची नोंद तिथं घेतलेली जुन्या उताऱ्यांवर दिसते. त्याहून बरं म्हणजे हयातीत जमीन न देता मृत्युपत्र करावं. ते मरणानंतरच लागू होतं आणि मन बदललं तर बदलता येतं. मुसलमानांना मृत्युपत्रानं एक तृतीयांशच देता येतं, म्हणून आमच्यात हयातीतच हिबा करून टाकण्याकडं कल असतो. पण त्याच कायद्यात एक फार शहाणी तरतूद आहे. ज्या दुखण्यात मरण यायचं त्या दुखण्यात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये केलेलं बक्षीस एक तृतीयांशापलीकडं आणि वारसाच्या हक्कात इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. अंथरुणावरच्या माणसाच्या अंगठ्यावर विश्वास ठेवू नये, हे फार पूर्वी कुणाला तरी उमगलं होतं. आमच्या वस्त्यांमधून मी विचारून पाहतो, तर हा नियम माहीत असलेला माणूस शंभरात एखादा निघतो.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आज अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेतात, फोटो काढतात, आधार तपासतात. माणूस तोच आहे ही खात्री होते. त्याला मजकूर समजला का, याची खात्री १८७९ सालचा गावनिबंधक करत असे, किमान त्यानं करावी असं कायदा म्हणत होता. आपण यंत्रं आणली आणि मोठ्यानं वाचून दाखवणं सोडून दिलं. ते पुन्हा सुरू करायला कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहायला नको. म्हातारा एकटा असताना, मुलं बाहेर उभी असताना पाच मिनिटं त्याच्याशी बोललं तरी पुष्कळ आहे.

जमीनच नसलेल्यांचा कागद वेगळा. तो असतो बँकेचा किंवा पोस्टाचा. संजय गांधी निराधार योजना १९८० साली आली, केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ साली. श्रावणबाळ योजनाही आहे. श्रावणबाळचे ६०० रुपये २०१९ मध्ये १,००० झाले आणि २०२३ पासून १,५००. रक्कम लहान, पण घरातल्या म्हातारीच्या पदरात स्वतःचे म्हणून पडणारे एवढेच पैसे असतात. ते कोण काढतं हे पाहावं. पासबुक नातवाकडं, एटीएम कार्ड मुलाकडं आणि ठसा उमटवायला तेवढी म्हातारी, असं असेल तर ती निराधारच राहिली. हंगामात आपल्या कारखान्यांवर बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची म्हातारी माणसं सहा-सहा महिने मागं गावात एकटी राहतात, हेही आपल्या गोड साखरेच्या हिशेबात धरायला हवं.

आणि ज्यांना घर राहिलंच नाही, त्यांच्यासाठी वृद्धाश्रम. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात पंगू आणि निराधारांसाठी आश्रयस्थान निघालं. ‘निवारा’ या नावानं ते आजही ओळखलं जातं. सरकारची वागणूक बराच काळ वेगळी होती. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली रस्त्यावर हात पसरणारा म्हाताराही पकडला जायचा आणि दंडाधिकारी त्याला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवू शकत. १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान मिळू लागलं, १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे, पण सरकारला त्यानं तसं करता येईल एवढीच मुभा दिली, सक्ती केली नाही. अशा घरांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं.

तोपर्यंत पाहणारे आपणच. आश्रमात जाताना आधी फोन करून जाऊ नये, जेवणाच्या वेळेला जावं. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, त्यामुळं पाठ पाहिल्याशिवाय निघू नये. औषधांची वही आहे का, त्यात आजची तारीख आहे का, हे पाहावं. सदान्कदा झोपलेली माणसं दिसली तर गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारावं. चांगल्या आश्रमाला अशा चौकशीचा राग येत नाही. महिन्याचे पैसे भरून वर्षभर तिकडं न फिरकणारा मुलगा आश्रमाला सोयीचा असतो, म्हाताऱ्याला नव्हे.

२०२० साली लातूर जिल्हा परिषदेनं आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा ठराव केला आणि काहींचे कापलेही. काहींना तो खाजगी बाबतीतला हस्तक्षेप वाटला. मला तो योग्य वाटतो. साखर कारखाने आणि दूध संघ सभासदांच्या बिलांतून कर्जाचे हप्ते कापून घेतातच.

राज्याच्या नियमांत आणखी एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची, आणि शक्यतो एखादा समाजसेवक बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटून यायचं. आपल्या गावचं नाव त्या यादीत आहे का, हे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतं. पोलीस पाटील आणि आशाताई सोबत असतील तर या भेटीला धाकाचं रूपही राहणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर २०२१ पासून देशभर चालू आहे. तो म्हाताऱ्यांच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचं न्यायाधिकरण बारामतीच्या प्रांत कार्यालयात आहे. इंदापूर गावातून तिथं यायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटर, भीमेकाठच्या वाडीवस्तीवरून त्याहून जास्त. ऐंशीच्या घरातली बाई, जिच्या औषधाला पैसे मिळत नाहीत, ती एसटी बदलत तारखेला कशी येणार? अर्ज तिनंच करायला हवा असं नाही. तिनं सांगितलेला कुणीही माणूस किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. महिन्यातला एक दिवस प्रांतांनी इंदापूरच्या तहसील कचेरीत बसावं, आणि त्या दिवसाची दवंडी कोतवालानं वाड्यावस्त्यांवर द्यावी, एवढी मागणी दोन्ही तालुक्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी मिळून करायला हरकत नाही.